मूळ उपटत नाहीत

दुसरी बादलीही खड्ड्याने पिऊन टाकली तेव्हा आत्या म्हणाली, "तुझी लेक भारीच हावरट निघणार गं दातवाले! झाड लावायच्या आधीच तळं संपवायला निघाली."

सगळे हसले. सूनही हसली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, त्याच्या लाळेने ब्लाऊजची कड ओली झाली होती, आणि हात बदलावा तर ते उठेल या भीतीने ती मघापासून एकाच बाजूला कलून उभी होती. दवाखान्यात ती दिवसभर लोकांना 'आऽ करा' म्हणायची, म्हणून नवऱ्याच्या आत्याने तिचं नाव दातवाली ठेवलं होतं. लग्न होऊन आल्यावर या घराने आपल्याला दिलेली ती पहिली वस्तू, असं ती गमतीने म्हणायची.

"ओत अजून एक," अण्णा, तिचे सासरे, म्हणाले. "माथ्यावरची माती कोरडी असते. पिणारच ती."

धाकटा परत तळ्याकडे उतरला. धाकटा म्हणजे तिचा नवरा. ठकीच्या पाठीवरचा म्हणून धाकटा. ठकी चार वर्षांची होऊन तापाने गेली, घरात थोरलं कुणी उरलंच नाही, तरी त्याचं नाव तेच राहिलं.

या घरात मूल झालं की धरणावर त्याचं झाड लावायचं, ही तात्यांची रीत. तात्या म्हणजे अण्णांचे वडील. दोन टेकड्यांच्या मधे माती घालून हे धरण त्यांनीच उभं केलं होतं, आणि माथ्यावरची झाडांची रांगही त्यांचीच. अण्णांचं झाड, नानांचं, आत्याचं, मग ठकीचं, धाकट्याचं. तळ्यावरच्या वाऱ्याने सगळी एकाच बाजूला कललेली, फोटोसाठी उभं केलेल्या भावंडांसारखी. माणूस गेलं की त्याचं झाड त्याच वर्षी कापायचं आणि त्या लाकडाची घरात वापरायची काहीतरी वस्तू करायची. तात्यांच्या झाडाचं जेवणाचं टेबल झालं होतं. खोड कापायचं, पण मूळ जमिनीत राहू द्यायचं. "आमच्याकडे मूळ उपटत नाहीत," असं ही माणसं म्हणायची. लेक सासरी निघताना म्हणायची, भावाभावांचं भांडण मिटवताना म्हणायची. सुनेच्या लग्नातही कुणीतरी म्हणालं होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं ते तिला आवडलं होतं.

आज बाळाची पाळी होती. अण्णांनी जागा निवडली ती तात्यांच्या झाडाला लागून. पणजोबांच्या शेजारी पणती.

धाकट्याने बादली ओतली. पाणी खड्ड्यात गोल फिरलं, घशातून घोट उतरावा तसा एक आवाज झाला आणि खड्डा रिकामा.

या वेळी हसलं कुणी नाही. पाणी मुरताना माती आधी काळी होते, मग मऊ होते, वर बुडबुडे येतात. हे पाणी मुरलं नव्हतं. गेलं होतं.

"अरे, वर काय चाललंय तुमचं?" खालून नानांची हाक आली. नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांचं घर धरणाच्या पायथ्याला, खालच्या गल्लीच्या तोंडाशी. फोटोसाठी खुर्ची आणायला म्हणून ते घरी गेले होते आणि आता खुर्ची डोक्यावर धरून गवतात उभे होते. "इथे पाणी यायला लागलंय!"

"तिथे ओल असतेच रे नेहमी," अण्णा वरून ओरडले.

"ओल नव्हे, वाहतंय! आणि गढूळ आहे. चहासारखं!"

सुनेने बाळाला घट्ट धरलं. "माई," ती सासूला म्हणाली, "तात्यांचं झाड नेमकं कुठे होतं?"

"हे काय, इथेच. खड्ड्याच्या अलीकडे."

"आणि त्याचं मूळ?"

"मूळ उपटत नाहीत गं आपल्याकडे," माई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनीही खड्ड्याकडे पाहिलं.

वरून शाबूत दिसणारा दात सुनेने किती वेळा पाहिला होता. बोटाने टकटक केलं की वेगळाच वाजतो. मूळ आत कधीचंच मेलेलं असतं, कुजून त्याची पोकळी झालेली असते, आणि दुखत काही नाही म्हणून माणूस त्याच दातावर सुपारी फोडत असतो.

"अण्णा, मूळ कुजून आत नळी झाली असणार. पाणी त्या नळीतून खाली गेलं. आपण ओतलं ते थोडं होतं. तळ्याचं पाणी त्या नळीपर्यंत पोचलं तर?"

"दात आणि धरण यांत फरक असतो, सूनबाई."

"असतो तर," आत्या म्हणाली. "दात पडला तर एकट्याचंच तोंड वाकडं होतं." बोलताना तिचं लक्ष खालच्या गल्लीकडे होतं. गच्चीवर कपडे वाळत होते. कुणीतरी सायकल धूत होतं.

सुनेने फोन काढला. धरण-तपासणीच्या कार्यालयातल्या इंजिनिअर बाईंची अक्कलदाढ तिनेच काढली होती.

*

बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालूनच. अण्णांना त्या बुटांचा राग आला. आपल्या दारात माणूस चिखलाची तयारी करून येतं म्हणजे काय!

पायथ्याशी नानांनी तोवर गोणी भरून चिकणमाती आणली होती आणि पाणी जिथून येत होतं तिथे ती ठासायच्या बेतात ते होते.

"थांबा, थांबा!" बाई उतारावरूनच ओरडल्या. "तोंड बंद करू नका त्याचं."

"अहो, गळतंय तर बुजवायचं नाही?"

"इथे बुजवलंत तर ते शेजारून फोडून निघेल. पाणी येऊ द्या. माती येऊ देऊ नका." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नानांच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं, दारातच वाळू आणि खडी पडली होती. "ही घ्या. आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. गाळणी समजा. आणि मला एक काचेचा पेला द्या घरातून."

पेल्यात त्यांनी ते पाणी धरलं आणि नानांच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवून दिलं. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत धरणभर हिंडल्या. अण्णा मागोमाग. त्या काही विचारतील म्हणून त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. पोटात काळ्या मातीचा गाभा आहे, दोन्ही अंगांना मुरूम आहे, पाण्याकडच्या बाजूला दगड लावलेत, जादा पाण्यासाठी सांडवा खडकातून काढलाय. तात्यांनी प्रत्येक थर दगडी रोलर फिरवून दाबला होता आणि रोलर वळवायच्या वेळी 'हो' म्हणून ओरडायचं काम लहानग्या अण्णांचं होतं. हे सगळं ते सांगणार होते. बाईंनी विचारलं काहीच नाही. त्या झाडांकडे बघत होत्या.

परत येईपर्यंत पेल्यात वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी तपकिरी साका बसला होता.

"ही तुमच्या धरणाची माती," बाई म्हणाल्या. "स्वच्छ पाणी पाझरलं असतं तर मी म्हणाले असते, लक्ष ठेवा. ही माती आतून येतेय. म्हणजे आत जागा होतेय. खालची गल्ली आत्ता रिकामी करा. सामान नंतर, माणसं आधी."

नाना पेल्याकडे बघत राहिले. मग घरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "पोरांना उठव. हो, झोपली असली तरी."

"तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीचं दार आजच उचला," बाई अण्णांना सांगत होत्या. "पण बेताने. तळं एकदम उतरवलंत तर पाण्याकडचा ओला भराव खाली घसरेल. रोज थोडं थोडं. पाणी तळाला गेलं की मग झाडं."

"झाडं म्हणजे?"

"सगळी. मुळासकट."

"कापतो ना. मुळं कशाला? मुळांनीच तर माती धरून ठेवलीय."

"जिवंत आहेत तोवर. आणि धरतात तेव्हाही पाण्याला वाट दाखवतातच. नुसती कापलीत, तर आज एका ठिकाणी झालंय ते पुढे प्रत्येक ठिकाणी होईल." त्यांनी आवाज उतरवला. "अण्णा, मागच्या पाहणीला हेच बोलले होते मी."

अण्णांनी झटकन मागे पाहिलं. नाना नातवाला कडेवर घेऊन दारात उभे होते.

"काय बोलल्या होत्या?" नानांनी विचारलं.

अण्णा चपलेची माती गवताला पुसू लागले.

"हे म्हणाले होते, झाडं काढणं बायकोला सहन व्हायचं नाही," बाईंनी सांगितलं. त्यात ठपका नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी नोटीस काढेन. पण धरण काही नोटिशीसाठी थांबणार नाही. दार तुमचं आहे, हातही तुमचाच लागेल."

*

माई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मांडी घातलेल्या पायांच्या खळग्यात बाळ होतं. सून मघाशी काहीतरी सांगायला आली होती. "माई," म्हणाली, पदराशी चाळा केला, "बाळ इथे झोपू दे का?" एवढंच विचारून गेली. सांगायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ताटात सोडलेल्या घासासारखं. माईंनीही खोदून विचारलं नाही. स्वतःचं लेकरू मांडीवर असताना दुसरीच्या लेकराच्या झाडाबद्दल कसं बोलायचं, हे त्या पोरीला कळत नव्हतं. चांगली होती पोर.

बाहेर टेबलाभोवती सगळे जमले होते. दार लोटलेलं होतं, पण या घरात दार लोटल्याने कुणाचं काही लपत नसे.

"पाणी सोडून दिलं तर पुढचे कोरडे महिने बागांना काय पाजायचं?" हा अण्णांचा आवाज. "तुझ्याच बागा आहेत नाना, पाटाच्या टोकाला. सर्वांत आधी तुझ्या वाळतील."

"वाळू देत."

"सकाळी तूच गळती बुजवायला निघाला होतास."

"सकाळी मी तो पेला बघितला नव्हता! आणि तू सगळं माहीत असून गप्प बसलास, हेही मला सकाळी माहीत नव्हतं. माझ्या घराची पायाभरणी तू केलीस अण्णा. तू! या जागी बांध म्हणालास, धरणाची सावली असते."

"नाना, हळू," आत्या म्हणाली. "आणि एक सांग, दार उचललं, पाणी उतरलं, इथवर ठीक. पण सगळी झाडं? तात्यांनी हाताने लावलेली? मी सासरी गेले, तिथे माझं काय होतं रे? पण वाटायचं, धरणावर आपलं एक झाड आहे. आमच्याकडे मूळ..."

"उपटत नाहीत," धाकटा म्हणाला. "माहीत आहे आत्या. पण तेच मूळ आता धरणाच्या मुळावर उठलंय."

"आला मोठा शब्दांचे खेळ करणारा! बायकोने शिकवलं वाटतं?"

"मी दाताचं काम शिकवते आत्या, जिभेचं नाही," सून म्हणाली. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "आत्या, तुमचं झाड तुम्हाला सोडवत नाही, हे मला कळतं. माझ्या बाळाचं झाड लावायला मी सकाळी लवकर उठून साडी नेसले होते. पण आता त्या खड्ड्याकडे बघवत नाही मला."

मग आत्याच म्हणाली, अगदी वेगळ्या आवाजात, "माझं घ्या रे. पहिलं माझंच घ्या. म्हातारी झालेय मी आता, झाड असलं काय नि नसलं काय. पण वहिनीला कोण सांगणार?"

"तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले. "ठकीच्या झाडाला हात लावला तर ती खचेल. मला बाकी कशाची पर्वा नाही."

"माईला धक्का बसेल हे खरंय," धाकटाही म्हणाला.

"ठकीचं एक राहू दे हवं तर, बाकीची काढू," नाना म्हणाले. भांडता भांडता तेही या एका जागी येऊन मऊ झाले. "वहिनींसाठी."

बाळाने झोपेत ओठ हलवले. माई त्याच्या कपाळावरून बोट फिरवत राहिल्या.

ठकी गेली त्या वर्षी तिचं झाड तिच्याएवढंच होतं. रीतीप्रमाणे कापायची वेळ आली तेव्हा तात्या कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले होते. मनगटापेक्षा बारीक खोड आणि केवढी ती कुऱ्हाड! माई म्हणाल्या होत्या, "राहू दे. त्याचं काय करणार आहात? चमचा?" एवढंच. ते रागाने बोलल्या होत्या की रडू थोपवायला, हे त्यांचं त्यांनाही आता आठवत नव्हतं. तात्या परत गेले. त्यानंतर कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही, दहाव्या वर्षी नाही. त्या समोर आल्या की ठकीचं नाव ओठातल्या ओठात विरायचं. घरातल्या पोरींच्या वाढदिवसाला त्यांच्याकडे चोरून पाहिलं जायचं. झाड वाढत गेलं आणि त्याच्या आडोशाला घरातला प्रत्येक जण उभा राहायला शिकला. त्या मात्र तिकडे फारशा जातच नसत.

त्यांनी बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं आणि दार ढकललं.

टेबलाभोवतीचे सगळे एकदम खुर्च्या सावरून बसले. मास्तर वर्गात आल्यासारखे.

"माई, तू झोपली नाहीस?"

"तुम्ही झोपू दिलंत तर ना!" त्यांनी बाळ सुनेच्या हातात दिलं. बाळ डोळे उघडून खिडकीतल्या उजेडाकडे बघायला लागलं. माई उभ्याच राहिल्या. "माझं नाव पुढे करू नका."

"कुणी केलं पुढे?" अण्णा म्हणाले. "उलट तुझा विचार करूनच..."

"इंजिनिअर बाईंना काय सांगितलंत तुम्ही? मला सहन व्हायचं नाही?"

अण्णांनी नानांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका, भिंतींना कान आहेत आपल्या. मला काय सहन होतं, हे मला कधी विचारलंत? लेक गेलेली सहन झाली मला. तेव्हा कुणी परवानगी घ्यायला आलं नव्हतं."

"वहिनी, अगं बस आधी," आत्या उठली.

"बसते मी. तू बस." पण त्या बसल्या नाहीत. "नाना, पोरं कुठे आहेत तुमची?"

"वरच्या शाळेत नेलीत सगळ्यांना. गल्लीतली सगळीच. सतरंज्या टाकल्यात."

"रडत होती?"

"धाकटी रडत होती. तिची मांजर राहिली खाली."

"म्हणजे ती मांजर आणायला कुणीतरी परत खाली जाणार," माई म्हणाल्या. "लहान मुलं ऐकत नाहीत. नाना, आधी माणूस पाठवून ती मांजर आणा." मग नवऱ्याकडे वळल्या. "ठकीच्या नावावर दुसऱ्या कुणाचं लेकरू जायला नको. तेवढं मला सहन व्हायचं नाही. हे सांगा तुमच्या बाईंना."

अण्णा टेबलावरच्या रेषांवरून नख ओढत होते. एवढा मोठा माणूस, पाटावरच्या पाळ्या लावणारा, ज्याच्या शब्दावर लोक पाणी घेत आणि सोडत, तो मान खाली घालून नख ओढत होता. सुनेला त्यांच्याकडे बघवेना. तिने बाळाचं टोपडं नीट करण्याचं निमित्त केलं.

"मीच जातो गं रोज," अण्णा म्हणाले. "फेरीला म्हणून निघतो सकाळी. तिथे थोडं थांबतो. हात लावतो आणि येतो. तुझं नाव सांगितलं बाईंना. माझं कसं सांगू? हसल्या असत्या."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"जाता ते. माथ्यावरची माती तांबूस असते. चपला दाराशी तुम्ही काढता, झाडते मी." माईंनी खुंटीवरची शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. "उठा. दार उचलायला दोघं लागतात."

"मी येतो ना," धाकटा उठला. "नानाही आहेत. तू कशाला माई?"

"तू बायकोजवळ थांब. सकाळपासून पोर हातावर आहे तिच्या, जेवलीही नाही ती. ताट वाढून दे तिला." दारापाशी थांबून त्या आत्याला म्हणाल्या, "आणि तुझं झाड पहिलं नाही काढायचं. ओळीने काढायची. उगाच पुढे पुढे करू नकोस."

आत्याने तोंडावर पदर धरला. ती हसतेय की रडतेय, हे कुणी पाहायला गेलं नाही.

मोरीचं दार उचलायचं, तिच्या विहिरीवरचं लोखंडी चाक जड होतं, त्यातून बऱ्याच दिवसांत फिरवलेलं नव्हतं. अण्णांनी एका बाजूने जोर लावला, माईंनी दुसऱ्या. संध्याकाळचं ऊन अजून पाण्यावर होतं आणि तळं काठोकाठ, इतकं शांत की त्यात काही भय असेल असं वाटू नये. चाक कुरकुरलं, अडलं, पुन्हा कुरकुरलं.

"हो म्हणा," माई म्हणाल्या.

"काय?"

"रोलर वळताना ओरडायचात ना तात्यांसाठी? ओरडा की. जोर येईल."

अण्णा ओरडले. म्हाताऱ्या छातीतून आवाज फुटका निघाला, पण चाक फिरलं. पलीकडे पायथ्याशी पाटात पाणी पडल्याचा आवाज आला, आधी बारीक, मग भरीव.

*

तळं उतरायला वेळ लागला. गाळणीतून येणारं पाणी निवळत गेलं, मग कमी झालं, मग थांबलं. खालची गल्ली तोवर वरच्या शाळेतच राहिली. नानांच्या बागा कोमेजू लागल्या होत्या. ते रोज जाऊन बघायचे आणि कुणाला काही बोलायचे नाहीत.

यंत्राने ओळीने झाडं काढली. अण्णांचं निघालं, नानांचं निघालं. आत्याचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "बघा, सरळ आलं. माझ्यासारखं कुणी नाही." मुळांच्या जागी मोठाले खंदक पडत होते. इंजिनिअर बाई प्रत्येकात उतरून हाताने माती चाचपायच्या, तुटलेलं मूळ राहिलं असेल तर ते खणायला लावायच्या. नव्या मातीचे ढीग बाजूला तयार होते. तात्यांच्या जागेवरची पोकळी उघडी पडली तेव्हा धाकट्याने आत हात घातला. तो खांद्यापर्यंत गेला.

ठकीच्या झाडापाशी यंत्र आलं. माईंनी हात वर केला. यंत्रवाल्याने इंजिन बंद केलं.

"हे हाताने," त्या म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. खोड आधीच उतरवून बाजूला ठेवलं होतं, एकाच्या कवेत न मावणारं. धाकट्याने फावडं घेतलं. अण्णांनी घेतलं. मग नानांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. दोघे भाऊ गेले कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होते. आता शेजारी शेजारी खणताना एक माती सोडवायचा आणि दुसरा ती ओढून बाजूला टाकायचा. "सांभाळ, पाय," नाना मधेच म्हणाले. अण्णांनी पाय मागे घेतला.

सून बाळाला घेऊन वरच्या कडेला उभी होती. जवळ जावं की नाही, तिला ठरवता येत नव्हतं. माईंनीच मागे वळून हात केला, ये म्हणून. ती जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. बाळाने माईंच्या पदराचं टोक मुठीत पकडलं.

बाकीची मुळं आखूड होती, सुटत गेली. एक मात्र सुटेना. ते तळ्याच्या दिशेने गेलं होतं. त्याच्या कडेकडेने माती काढत तिघे पुढे सरकले. मांडीएवढं जाड मूळ, मग मनगटाएवढं, मग अंगठ्याएवढं, कुठे दगडाला वळसा घालून, कुठे दोन फाटे फुटून, पाण्याच्या बाजूला पार. धरणाचं पोट जवळजवळ आरपार केलं होतं त्याने. बाईंनी श्वास रोखल्याचं सुनेला ऐकू आलं. अजून थोडी वर्षं गेली असती तर, असं त्या म्हणणार होत्या.

माईंनी पदर हळूच बाळाच्या मुठीतून सोडवला आणि त्या खंदकात उतरल्या. अण्णांनी हात पुढे केला, त्यांनी तो धरला. ठकीने घरातल्या दाराच्या चौकटीएवढी उंची गाठली असती की नाही, तिचे केस कुणावर गेले असते, तिला कोणता चष्मा लागला असता, हे त्यांनी एकट्याने किती वेळा मनात बसवून पाहिलं होतं. चित्र चार वर्षांच्या पुढे कधी सरकलंच नव्हतं. आता त्या मुळाच्या जाड टोकापासून निघाल्या आणि एक हात त्याच्यावर ठेवून, ओल्या मातीतून जपून पाऊल टाकत चालायला लागल्या. मूळ संपेना. मधे एकदा थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं, किती आलो ते. पुन्हा चालल्या. अगदी शेवटी केसासारखी बारीक तंतुमुळं होती, पांढरी, जिवंत, तिथवर जाऊन त्या खाली बसल्या.

"केवढी झालीस गं," त्या म्हणाल्या.

वर बाळ स्वतःशी काहीतरी बोलत होतं.

मग माई उठल्या, हाताची माती न झटकता बाजूला झाल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, मुळाला निघायला वाट मोकळी राहावी म्हणून.

"काढा," त्या म्हणाल्या. "पूर्ण काढा. आत काही राहू देऊ नका."